नागपूरहून टेलिकॉममध्ये आणि पुढे परदेशी: नव्या इंजिनिअरांसाठी वाटाड्या

दरवर्षी शेवटच्या सेमिस्टरचे निकाल लागले की ओळखीपाळखीतल्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. कोणी व्हीएनआयटीत शिकलेलं, कोणी वानाडोंगरीच्या वायसीसीईत, कोणी काटोल रोडच्या रामदेवबाबात. प्रश्न साधारण एकच असतो: "दादा, डिग्री तर इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकॉमची आहे, पण टेलिकॉमची नोकरी नेमकी असते कुठे? अन् त्यातून बाहेरदेशी जाता येते का?"

मी नागपुरात शिकलो, बेंगळुरूत काम शिकलो आणि आता बरीच वर्षं स्टॉकहोमच्या किस्ता भागात मोबाइल नेटवर्कचं सॉफ्टवेअर लिहितो. फोनवर घाईघाईत सांगताना काही ना काही राहून जातं, म्हणून सगळं क्रमाने लिहून काढतोय. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. टेलिकॉममध्ये इंजिनिअरची किंमत ठरते ती त्याला स्टँडर्ड, म्हणजे मोबाइल नेटवर्क कसं चालावं याची जगभर मान्य असलेली लिखित नियमावली, किती खोल समजतं यावर, आणि ते स्टँडर्ड फुकट मिळतं. किस्तातला मुरलेला माणूस अडला की जो दस्तऐवज उघडतो, तोच दस्तऐवज मानेवाड्याच्या भाड्याच्या खोलीत बसून तुम्हालाही उघडता येतो. अशी सोय मला दुसऱ्या क्षेत्रांत फारशी दिसलेली नाही.

पहिली पायरी: टेलिकॉम म्हणजे नेमकं कुठलं काम ते ठरवा

टेलिकॉम म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांसमोर टॉवर आणि सिमकार्डचं दुकान येतं. सॉफ्टवेअरचं काम ढोबळमानाने चार जागी चालतं.

पहिली जागा रेडिओची, म्हणजे टॉवरखालच्या बेसबँड युनिटमध्ये (सिग्नलवर प्रक्रिया करणाऱ्या पेटीत) चालणारं सॉफ्टवेअर. इथे सी आणि सी++ चं राज्य आहे आणि वेळेचा हिशेब फार कडक असतो. भारतात ५जी ज्या ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यात चालतं, तिथे एक स्लॉट, म्हणजे वेळेचा एक तुकडा, अर्ध्या मिलिसेकंदाचा असतो. तेवढ्या वेळात कोणत्या मोबाइलला किती जागा द्यायची हे शेड्युलरने ठरवून मोकळं व्हायचं असतं. उशीर झाला तर तो स्लॉट गेला.

दुसरी जागा कोअर नेटवर्क. सिम ओळखणं, चावी पडताळणं, ग्राहकाला इंटरनेटशी जोडून देणं, हे सगळं तिथे. पूर्वी हे खास यंत्रांवर चालायचं, आता ५जी कोअर कंटेनरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या सुट्या डब्यांत, ते डबे सांभाळणाऱ्या कुबरनेटिसवर चालतं आणि त्यातले घटक आपसात वेबच्याच एचटीटीपी/२ ने बोलतात. गो, जावा, सी++ तिन्ही भाषा दिसतात. एरिक्सन या स्वीडिश कंपनीत १९८० च्या दशकात जन्मलेली अर्लांग भाषाही अजून जिवंत आहे, आणि ती येणारी माणसं कमी असल्यामुळे त्यांना मान आहे.

तिसरी जागा बिलिंग आणि नेटवर्कची देखरेख, म्हणजे बीएसएस आणि ओएसएस. पुण्यात या कामाची मोठी ऑफिसं आहेत. चौथी जागा मोबाइलच्या आतल्या मोडेम चिपची. ते काम हैदराबाद, बेंगळुरू आणि परदेशात सॅन डिएगोकडे जास्त.

नागपुरात परसोडीजवळचं आयटी पार्क आहे, मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल, टेक महिंद्रा आहेत. तिथे चांगलं काम मिळतं, पण ते मुख्यतः आयटी सेवांचं. रेडिओ आणि कोअरच्या मूळ विकसनासाठी पहिली नोकरी बहुधा बेंगळुरू, गुरुग्राम, चेन्नई, हैदराबाद किंवा पुण्यात धरावी लागेल. याची मनाची तयारी घरच्यांसकट आत्ताच करून ठेवा.

माझं मत विचाराल तर नव्याने सुरू करणाऱ्याने रेडिओ किंवा कोअर यांपैकी एक धरावं. बिलिंगचं काम प्रत्येक कंपनीगणिक वेगळं असतं. रेडिओ आणि कोअरचं ज्ञान मात्र एका कंपनीतून दुसरीत, एका देशातून दुसऱ्यात जसंच्या तसं सोबत नेता येतं.

दुसरी पायरी: पाया

यावर फार लिहीत नाही, कारण हे सगळीकडे सांगितलेलं असतं. सी++ नीट शिका. पॉइंटर, मेमरी आणि थ्रेड यांची भीती जाईपर्यंत. लिनक्स रोज वापरा. टीसीपी/आयपी पुस्तकातून वाचून थांबू नका, पॅकेट पकडून पाहा. पायथन चाचण्यांसाठी लागतंच. एसएस७, डायमीटर, एसआयपी ही प्रोटोकॉलांची, म्हणजे नेटवर्कच्या घटकांनी आपसात बोलायच्या नियमांची, जुनी नावं ऐकून घाबरू नका आणि त्यांना कालबाह्यही समजू नका. जगभरच्या नेटवर्कमध्ये ती आजही चालू आहेत.

तिसरी पायरी: घरातच नेटवर्क उभारा

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो इथे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत जे दाखवलं गेलं नसेल ते तुमचा साधा लॅपटॉप दाखवू शकतो. १६ जीबी रॅम असेल तर उत्तम, ८ मध्येही भागतं.

उबंटू टाका. त्यावर ओपन५जीएस हे मुक्त कोअर नेटवर्क बसवा. मग युईरॅनसिम बसवा. ते एकाच वेळी टॉवर आणि मोबाइल या दोघांचं सोंग घेतं, त्यामुळे अँटेना किंवा रेडिओचं कसलंही यंत्र लागत नाही. तिसरं साधन वायरशार्क, ते नेटवर्कवरची पॅकेट पकडून उलगडून दाखवतं. तिन्ही फुकट आहेत. एखादा मित्र म्हणेल की सॉफ्टवेअर रेडिओ विकत घेऊन खरोखर सिग्नल सोडू. ते करू नका. भारतात मोबाइलचे पट्टे परवान्याचे आहेत आणि परवान्याशिवाय त्यांवर प्रक्षेपण करणं हा गुन्हा आहे.

ओपन५जीएसच्या मूळ सेटिंगमध्ये नेटवर्कचा क्रमांक ९९९-७० असतो. तोच टॉवरच्या फाइलमध्ये आहे का ते बघा, ग्राहकाची नोंद डेटाबेसमध्ये घाला आणि वायरशार्क लावून मोबाइल सुरू करा. आता जे दिसेल ते सावकाश वाचा.

टॉवर आणि कोअर यांच्यातला संवाद एससीटीपी या वाहतुकीच्या प्रोटोकॉलवर, पोर्ट ३८४१२ वर चालतो. मोबाइल म्हणतो, मला नोंदवून घ्या. कोअर लगेच हो म्हणत नाही. ते एक यादृच्छिक आकडा आणि त्यासोबत स्वतःची ओळख पटवणारी खूण पाठवतं. सिम आपल्याजवळच्या चावीने आधी ती खूण तपासतं, म्हणजे नेटवर्क खरं आहे की तोतया हे मोबाइलच ठरवतो. मग उत्तर जातं, सुरक्षेची बोलणी होतात आणि शेवटी नोंदणी मान्य झाल्याचा संदेश येतो. त्यानंतर डेटाचं सत्र उघडतं आणि ग्राहकाची पॅकेट पोर्ट २१५२ वरून जीटीपी या प्रोटोकॉलच्या बोगद्यातून वाहू लागतात. तुम्ही रोज फोन चालू करता तेव्हा काही क्षणांत हेच घडत असतं.

हे एकदा चाललं की ते मुद्दाम मोडा. ग्राहकाच्या चावीतला एकच अंक बदला. नोंदणी अडकेल आणि मोबाइलकडून कारण क्रमांक २० परत येईल, म्हणजे नेटवर्कची खूण जुळली नाही. चावी परत बरोबर करा आणि सिमचा अनुक्रमांक, म्हणजे पडताळणीगणिक वाढणारी मोजणी, बिघडवा. आता कारण २१ दिसेल, म्हणजे खूण बरोबर आहे पण दोघांची मोजणी एकमेकांपासून सुटली आहे. नेटवर्कचा क्रमांक टॉवरच्या फाइलमध्ये बदला, मग टॉवरलाच कोअर आत घेणार नाही. प्रत्येक बिघाडाचा ट्रेस, म्हणजे पकडलेल्या संदेशांची नोंद, वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि खाली आपल्या शब्दांत लिहा: काय बदललं, कुठे अडलं, कोणत्या संदेशावरून कळलं.

अशी फाइलींची चळत घेऊन मुलाखतीला बसलेला उमेदवार मला आठवडाभर लक्षात राहतो. प्रोजेक्टच्या नावाखाली "होम ऑटोमेशन युजिंग आयओटी" लिहिलेले अर्ज ढिगाने येतात. "५जी नोंदणीतल्या अपयशांचा अभ्यास" असं लिहिलेला अर्ज क्वचित येतो.

चौथी पायरी: स्पेक वाचायला शिका

स्पेक म्हणजे स्पेसिफिकेशन, स्टँडर्डचा एकेक दस्तऐवज. मोबाइलची स्टँडर्ड थ्रीजीपीपी ही जागतिक संघटना लिहिते. ती १९९८ मध्ये स्थापन झाली. सात प्रादेशिक संस्था तिच्या भागीदार आहेत आणि त्यांत भारताची टीएसडीएसआयही आहे. स्टँडर्ड रिलीजच्या क्रमांकाने बाहेर पडतं: रिलीज ८ मध्ये एलटीई, म्हणजे ४जी, आलं, रिलीज १५ मध्ये ५जी, रिलीज १८ पासून ५जी अ‍ॅडव्हान्स्ड.

नवा माणूस बहुतेक वेळा मोठ्या उत्साहाने टीएस (टेक्निकल स्पेसिफिकेशन) ३८.३३१, म्हणजे मोबाइल आणि टॉवर यांच्यातल्या संदेशांचा स्पेक, उघडतो, शेकडो पानं आणि संदेशांचा साचा लिहिणाऱ्या एएसएन.१ भाषेतल्या रचना पाहतो आणि कायमचं बंद करतो. क्रम असा ठेवा. आधी टीएस २३.५०१ मधला रचनेचा भाग. कोण कोणाशी का बोलतं ते कळतं. मग टीएस २३.५०२ मधली नोंदणीची प्रक्रिया. तुमच्या लॅपटॉपवरच्या ट्रेसशेजारी ठेवून एकेक बाण जुळवत जा. मग टीएस २४.५०१, जिथे त्या २० आणि २१ या कारणांचा अर्थ नेमका लिहिलेला आहे. रेडिओकडे जाणार असाल तर टीएस ३८.३०० आधी आणि ३८.३३१ त्यानंतर. कादंबरीसारखं पहिल्या पानापासून वाचू नका. एक प्रश्न हातात घ्या आणि त्याचं उत्तर सापडेपर्यंतच वाचा.

याचा उपयोग प्रत्यक्षात कसा होतो ते एका उदाहरणाने सांगतो. समजा वर्धा रोडने जाणाऱ्या गाडीतला कॉल दुमजली उड्डाणपुलाच्या एका ठराविक खांबाजवळ नेहमी तुटतो. लॉगमध्ये दिसतं की मोबाइलने शेजारच्या टॉवरचा सिग्नल चांगला झाल्याचा अहवाल पाठवला होता. स्पेकमध्ये याला ए३ घटना म्हणतात. टॉवरने हँडओव्हरचा, म्हणजे कॉल शेजारच्या टॉवरकडे सोपवण्याचा, हुकूम सोडलाही. पण तोवर गाडी काँक्रीटच्या आडोशाला गेली, जुन्या टॉवरचा सिग्नल कोसळला आणि हुकूम पोचलाच नाही. मोबाइलमध्ये टी३१० हा टायमर सुरू झाला, संपला, आणि मोबाइलने दुवा तुटल्याचं जाहीर केलं. ज्याला ३८.३३१ माहीत आहे तो लॉगमधला टी३१० पाहून लगेच मागे जातो, अहवाल आणि हुकूम यांच्यातला वेळ मोजतो आणि म्हणतो: हँडओव्हर उशिरा होतोय, ए३ चा फरक किंवा त्याची थांबण्याची वेळ कमी करून पाहा. ज्याला माहीत नाही तो दोन दिवस सी++ च्या कोडमध्ये बग शोधत बसतो. कोडमध्ये बग नसतोच.

आणखी एक सवय लावून घ्या. स्पेकमधला प्रत्येक बदल एका बदल-प्रस्तावाने होतो आणि हे प्रस्ताव, बैठकांच्या कागदपत्रांसकट, संघटनेच्या सर्व्हरवर सगळ्यांना खुले असतात. एखादं कलम विचित्र वाटलं की ते कोणत्या प्रस्तावाने आलं ते हुडका. प्रस्तावात "बदलाचं कारण" अशी चौकट असते. खरं शिक्षण तिथे आहे.

पाचवी पायरी: भारतातली पहिली नोकरी

नाव मोठं आहे की लहान यापेक्षा हातात काय काम येणार हे विचारा. मुलाखतीत सरळ विचारायला संकोच नको: कोणता प्रोटोकॉल, कोणता थर, कोड लिहायचा की फक्त तक्रारींची तिकिटं पुढे ढकलायची?

चाचणीच्या कामाला आपल्याकडे उगाच कमी लेखतात. टेलिकॉममधली चाचणी निराळी आहे. संपूर्ण नेटवर्क नजरेखालून जातं, टीटीसीएन-३ सारखी खास भाषा शिकायला मिळते आणि बिघाड वाचण्याची नजर तयार होते. नेटवर्ककडून ९९.९९९ टक्के उपलब्धतेची अपेक्षा असते, म्हणजे वर्षभरात जेमतेम सव्वापाच मिनिटं बंद. असा भरवसा ज्या क्षेत्रात द्यावा लागतो तिथे चाचणी करणारा माणूस दुय्यम असूच शकत नाही. दोन-तीन वर्षं हे काम मन लावून केलेली माणसं पुढे उत्तम डेव्हलपर झालेली मी पाहिली आहेत.

एक इशारा. मूळ मार्कशीट आणि डिग्री कोणत्याही कंपनीकडे "जमा" ठेवू नका, कितीही गोड बोलून मागितली तरी. बाँडवर सही करण्याआधी तो घरातल्या एखाद्या वकील काका-मामाला वाचायला द्या.

सहावी पायरी: बाहेर जायचे रस्ते

तीन रस्ते आहेत.

पहिला, त्याच कंपनीतून बदली. भारतातल्या संशोधन-विकास केंद्रात काम करता करता स्टॉकहोम, फिनलंडमधलं एस्पो आणि औलू, म्युनिक किंवा ओटावाच्या टीमशी रोज बोलणं होतं. तिथल्या लोकांनी तुमचं काम पाहिलेलं असतं आणि जागा निघाली की नाव पुढे येतं. सगळ्यात भक्कम रस्ता हाच. पण त्यातही दोन प्रकार आहेत आणि तो फरक नीट समजून घ्या. डेप्युटेशनवर गेलात तर तुम्ही भारतीय कंपनीचेच नोकर राहता आणि काम संपलं की परत. स्थानिक करारावर गेलात तर तिथली रजा, तिथली पेन्शन, तिथला कामगार कायदा तुम्हाला लागू होतो. डेप्युटेशन असेल तर भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाकडून कव्हरेज सर्टिफिकेट घ्या. स्वीडन, फिनलंड, जर्मनीसारख्या देशांशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार आहे, त्यामुळे दोन्हीकडे वर्गणी भरण्याची वेळ टळू शकते.

दुसरा, थेट अर्ज. चार-पाच वर्षांचा प्रोटोकॉलचा अनुभव असेल तर हे जमतं. जर्मनीसाठी ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीचा युरोपीय नोकरी-परवाना, हा मार्ग आहे. तुमचं विद्यापीठ आणि पदवी तिथे मान्य आहे का हे अनाबिन या सरकारी सूचीत आधी बघा. पगाराची किमान मर्यादा दरवर्षी बदलते, म्हणून जुन्या व्हिडिओवर विसंबू नका. ब्लू कार्डवर २७ महिन्यांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, आणि जर्मन बी१ पातळीची झाली असेल तर २१ महिन्यांनीच. म्हणजे भाषेचा क्लास हा छंद राहत नाही, थेट सहा महिने वाचवतो. जोडीदाराला तिथे नोकरी करण्याची पूर्ण मुभा असते. घरात ही चर्चा होईल तेव्हा हे माहीत असू द्या.

तिसरा, एमएस. केटीएच या स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठाचा एक परिसर किस्तातच आहे, औलू विद्यापीठात २०१८ पासून ६जीचा मोठा कार्यक्रम चालू आहे, ड्रेस्डेन आणि म्युनिकची नावं तुम्ही ऐकली असतीलच. स्वीडनमध्ये २०११ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी लागते. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते, पण काही ठिकाणी आपल्यासारख्यांना ती लागू झाली आहे, आणि वर्षभराचा खर्च ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठराविकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात, आधी दाखवावा लागतो. एपीएस प्रमाणपत्रही, म्हणजे आपल्या शैक्षणिक कागदांच्या पडताळणीचं, लागतं, ते वेळखाऊ आहे. कर्ज काढून जाणार असाल तर शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला किती महिने मिळतात ते प्रवेशाआधी तपासा.

चौथा रस्ता कोणी सुचवेल: पैसे भरा, नोकरी आम्ही लावतो. मोठ्या टेलिकॉम कंपन्या उमेदवाराकडून एक पैसाही घेत नाहीत. असा फोन आला की ठेवून द्या आणि एजंटचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट यादीत आहे का ते बघा.

सातवी पायरी: कागद, नागपुरातच

ऑफर आल्यावर कागदांमागे धावणारे लोक मला दरवर्षी भेटतात. हे काम आधी करा, शांतपणे.

पासपोर्ट नागपुरातच होतो. नावाचं स्पेलिंग पासपोर्ट, दहावीची सनद, डिग्री आणि आधार या चारही ठिकाणी एकच हवं. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये घालण्याची पद्धत असल्यामुळे कुठे ते असतं, कुठे नुसतं आद्याक्षर असतं, कुठे नसतंच. परदेशी अधिकाऱ्याला ती तीन वेगळी माणसं वाटू शकतात. पासपोर्टची मुदत भरपूर शिल्लक ठेवा, कारण स्वीडनचा परवाना पासपोर्टच्या मुदतीपलीकडे मिळत नाही.

नागपूर विद्यापीठाची पक्की डिग्री काढून घ्या. अनेक जण प्रोव्हिजनलवरच वर्षानुवर्षं राहतात. ट्रान्सक्रिप्टच्या दोन-तीन जास्तीच्या सीलबंद प्रती घेऊन ठेवा. लग्न झालं असेल तर महापालिकेच्या तुमच्या झोन कार्यालयातून विवाह नोंदणीचा दाखला घ्या; हॉलची पावती आणि फोटो व्हिसासाठी चालत नाहीत. जन्मदाखला मराठीत असेल तर इंग्रजीतला मागा. देशाने मागितलं तर या कागदांवर अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशी मान्य होणारा सरकारी शिक्का, लागतं. त्यासाठी आधी राज्य पातळीवर पडताळणी आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, असा क्रम असतो. भारत २००५ पासून अपॉस्टिलच्या हेग करारात आहे, म्हणून एकच शिक्का बहुतेक सदस्य देशांत चालतो; जर्मनीने मात्र भारताच्या प्रवेशाला हरकत घेतली होती, म्हणून तिथे काय चालतं ते आधी विचारून घ्या. जर्मनीच्या व्हिसासाठी महाराष्ट्राचा कारभार मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडे आहे, त्यामुळे दुरांतो किंवा विदर्भ एक्सप्रेसचं तिकीट अपॉइंटमेंट मिळाल्याबरोबर काढा.

आठवी पायरी: ऑफर वाचणं

पगाराचा आकडा रुपयांत गुणून आनंद मानू नका. कर वजा जाता हातात किती आणि त्या शहरात भाडं किती, हे दोनच आकडे कामाचे. स्वीडनमध्ये सामूहिक करार, म्हणजे युनियन आणि मालक यांच्यातला करार, लागू आहे का हे विचारा. पेन्शन आणि विमा त्यावर अवलंबून असतात. वर्षाला २५ दिवस रजा कायद्यानेच मिळते. आजमायशीचा काळ सहा महिन्यांपर्यंत असू शकतो. सुरुवातीच्या राहण्याची सोय कंपनी किती आठवडे करणार हे लेखी घ्या, तोंडी नको.

नववी पायरी: पोचल्यावर

स्वीडनचं सांगतो, कारण ते मला आतून माहीत आहे. एक वर्ष किंवा जास्त राहणार असाल तर करखात्यात, म्हणजे स्कॅटेव्हर्केटमध्ये, नोंदणी करून व्यक्तिक्रमांक मिळवा. तो आला की ओळखपत्र, मग बँक, मग बँकआयडी, म्हणजे मोबाइलवरची डिजिटल ओळख. हा क्रम उलटा करता येत नाही, आणि बँकआयडी हाती येईपर्यंत डॉक्टरची वेळ घेणंसुद्धा जड जातं. त्या काळासाठी पुरेसे पैसे सोबत ठेवा.

घर ही सगळ्यात मोठी डोकेदुखी. स्टॉकहोममध्ये भाड्याच्या घरांची अधिकृत रांग आहे आणि चांगल्या भागासाठी ती कित्येक वर्षांची आहे. पहिल्याच आठवड्यात त्या रांगेत नाव घाला, पुढे कामी येतं. तोवर दुय्यम भाडेकरार, म्हणजे तिथे आधीपासून राहणाऱ्याकडून भाड्याने घेतलेलं घर. घर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय आणि गृहसंस्थेची परवानगी पाहिल्याशिवाय अनामत रक्कम पाठवू नका. नवख्यांची सर्वाधिक फसवणूक इथेच होते.

डिसेंबरात पावणेतीन-तीनला सूर्य मावळतो. पंचेचाळीस डिग्रीत कूलरची खस बदलत वाढलेल्या आपल्या माणसाला थंडी सोसते. कपडे घातले की ती भागते. अंधार मात्र अंगावर येतो. दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाहेर चालून या, डॉक्टरला ड जीवनसत्त्वाबद्दल विचारा, मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला जा. सरकारचे स्वीडिश भाषेचे वर्ग मोफत आहेत. ऑफिस इंग्रजीत चालतं म्हणून भाषा टाळू नका. जेवणाच्या टेबलावरचं बोलणं स्वीडिशमध्ये होतं आणि पुढच्या कामाची चाहूल तिथेच लागते.

कामाच्या पद्धतीबद्दल एकच सांगतो. मॅनेजरने विचारलं, हे शुक्रवारपर्यंत होईल का, तर आपल्या तोंडून आपोआप निघतं, "होऊन जाईल." नागपुरात याचा अर्थ "प्रयत्न करतो" असाही होतो, हे समोरच्याला ठाऊक असतं. तिथे तो पक्का शब्द धरला जातो आणि त्यावर दुसऱ्या तीन टीम आपलं वेळापत्रक बांधतात. त्याऐवजी म्हणा: कोड शुक्रवारी होईल, चाचणी मंगळवारी, आणि शेजारच्या टीमचा इंटरफेस आला नाही तर दोन्ही पुढे जाईल. असं बोलणाऱ्या माणसावर तिथे विश्वास बसतो. बॉसला सर म्हणायचं नसतं, नावाने हाक मारायची असते. सुरुवातीला जीभ अडते, मग सवय होते.

दहावी पायरी: इकडचा हिशेब

परदेशी निवासी झालात की भारतातलं साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ, म्हणजे भारतातल्या उत्पन्नासाठीचं अनिवासी खातं, करा आणि परदेशी कमाई पाठवायला एनआरई हे दुसरं अनिवासी खातं उघडा. चालू पीपीएफ मुदतीपर्यंत ठेवता येतो, मुदतवाढ मिळत नाही. कराचं निवासीपण मुख्यतः भारतात किती दिवस राहिलात यावर ठरतं. पहिल्या वर्षी एखाद्या चार्टर्ड अकाउंटंटला गाठा. धंतोलीत चांगले पुष्कळ आहेत.

आईबाबांसाठी आरोग्यविमा जाण्याआधीच घ्या, त्यांचं वय वाढण्यापूर्वी. घर किंवा प्लॉट तुमच्या नावावर असेल तर भावाला किंवा बहिणीला मर्यादित मुखत्यारपत्र द्या. सरसकट सगळ्या अधिकारांचं नको. दवाखान्यात रात्री कोण धावून जाईल, त्याचा नंबर कोणाकडे आहे, घराची दुसरी किल्ली शेजारच्या कोणत्या काकूंकडे आहे, हे बोलायला जड जातं. तरीही निघण्याआधी बोलून घ्या.

अकरावी पायरी: मंदीची तयारी

हे क्षेत्र लाटांनी चालतं. २००१ नंतरच्या मंदीत एरिक्सनची माणसं लाखाच्या वरून काही वर्षांत जवळपास निम्म्यावर आली. नॉर्टेलसारखी बलाढ्य कॅनेडियन कंपनी २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली. अल्काटेल आणि ल्युसेंट २००६ मध्ये एक झाल्या आणि २०१६ मध्ये ती जोड-कंपनी नोकियाने घेतली. प्रत्येक वेळी चांगल्या, कष्टाळू इंजिनिअरांच्या नोकऱ्या गेल्या. त्यात त्यांचा दोष नव्हता.

परदेशी माणसाला नोकरी जाणं दुप्पट लागतं, कारण परवाना नोकरीशी बांधलेला असतो. स्वीडनमध्ये अशा वेळी नवी नोकरी शोधायला साधारण तीन महिने मिळतात. म्हणून रुजू झाल्याबरोबर इंजिनिअरांच्या युनियनमध्ये आणि बेकारी विमा निधीत, म्हणजे आ-कसामध्ये, नाव घाला. युनियन म्हटलं की आपल्याकडे मोर्चा आठवतो. तिथे मॅनेजरही युनियनचे सभासद असतात आणि कपातीच्या वेळी तुमचा करार वाचायला युनियनचा वकील मिळतो. काही महिन्यांचा खर्च युरोपातल्याच खात्यात बाजूला ठेवा. सगळी बचत प्लॉटमध्ये घालू नका.

कपातीची बातमी फुटली की त्याच दिवशी या गोष्टी हाताशी आहेत का ते पाहा: कामाचा करार, सगळ्या पगारपावत्या, परवान्याचं पत्र, पेन्शनची विवरणं. त्या वैयक्तिक मेलवर आधीपासून हव्यात, कारण ऑफिसचा लॅपटॉप कधी बंद होईल ते सांगता येत नाही. कोड, लॉग, कंपनीची कागदपत्रं यांतलं काहीही घेऊ नका. ते बेकायदा आहे आणि या लहानशा वर्तुळात नाव कायमचं खराब होतं. काम सोडताना अनुभवाचं पत्र मागून घ्या. स्वीडनमध्ये ते मिळण्याची पद्धत आहे आणि त्यात काय लिहावं हे सुचवताही येतं. "५जी प्रकल्पात काम केलं" असं मोघम नको. कोणता प्रोटोकॉल, कोणता रिलीज, कोणता भाग तुमच्या हातचा, असं स्पष्ट लिहून घ्या. पुढच्या मुलाखतीत समोरचा माणूस तीच ओळ पहिल्यांदा वाचतो.